टुटीफ्रुटी

दत्तवाडीत घरामागे, मोरीच्या पाण्यावर
एक पपई आपसूक उगवली आहे.
तिचं सगळ्यात खालचं फळ मी हिरवंच उतरवलं.
चीक बनियनवर सांडला, डाग राहणार.
आतून तारा: 'कच्चीच काहून तोडली?'

टुटीफ्रुटी, मी म्हणालो.

हा शब्द मला सोयीचा आहे.
उ, ई, उ, ई. तोंड फार उघडावं लागत नाही,
ओठांतल्या ओठांत होऊन जातो.
'तारा' म्हणायला दोनदा आ करावा लागतो.

डेंटल कॉलेजातल्या पोरीनं पट्टी लावून मोजलं होतं:
सतरा मिलिमीटर.
'काका, खर्रा किती वर्षं?'
मी दोन्ही हातांची बोटं दाखवली, मग पुन्हा दाखवली,
मग ती लिहायचं थांबली.
एकतीस वर्षं ऑर्डनन्स फॅक्टरीत लेथवर उभा होतो मी.
सतरा म्हणजे किती, हे मला सांगावं लागत नाही.

तर फोडी सहा बाय सहाच्या.
सून म्हणते, बाबा, बाजारात चाळीस रुपयांना पाकीट मिळते.
मिळते. पण त्यातली फोड कधी आठ, कधी दहा,
आणि माझी फट सरकारी आहे, वाढवून मिळत नाही.

फोडी चुन्याच्या निवळीत बुडवायच्या,
नाहीतर पाकात त्यांचा लगदा होतो.
चुन्यासाठी भुरेच्या ठेल्यावर गेलो. आठ महिन्यांनी.
त्यानं काही न विचारता पन्नी पसरली,
सुपारी ओतली, माझं माप त्याला अजून पाठ.
'नुसता चुना दे, बावा.'
'नुसता?'
शेजारी एक पोट्टा फळीवर खर्रा घोटत होता, घस घस घस.
खिशातलं माझं मनगट
त्याच्या ठेक्यावर हललं. मी पाहिलं, आणि हलू दिलं.

घरी आलो. तीन तास निवळीत, मग सात पाणी.
सात कशाला, तारा म्हणाली. मी आठवं घातलं.
उकळल्यावर फोडी काचेसारख्या झाल्या,
पलीकडचं पातेलं दिसायला लागलं त्यांतून.
पाक एकतारी. दोन बोटांत धरून ओढून पाहायचा.
दोन बोटं. आमच्या घरात सध्या हेच माप चालतं.

मग तीन वाट्या:
एकीत हळद, चिमटीहून कमी,
एकीत पालक वाटून गाळलेला,
एकीत बीट.
रात्रभर झाकून.

सकाळी गाळणं बेसिनमध्ये धुवत होतो
आणि दातांमध्ये व्यायामाच्या काड्या,
आइस्क्रीमच्या, एकीवर एक. अकरावर अडलो होतो महिनाभर,
आज बारावी ठोकून बसवली होती.
तारा दात घासायला आली.
बेसिन लाल.

तिनं नळ धरला.
काही बोलली नाही. मीही बोलू शकत नव्हतो, बारा काड्या.
मी हात हलवले, ओट्याकडे दाखवलं, वाटीकडे,
ती फक्त बेसिनकडे पाहत होती.
मग तिनं एक बोट त्या लालात बुडवलं
आणि चाखलं.

पाठीत असा धपाटा बसला
की बाराच्या बारा काड्या खाली.
'मरता का मले मारता?' म्हणाली,
आणि दात न घासताच चहा ठेवायला गेली.

आता फोडी चाळणीवर, कूलरसमोर,
टाकीत पाणी नाही, नुसता वारा.
नातीचा वाढदिवस परवा. केक सून करेल.
सावजी तर गेलंच, वरणाची फोडणीसुद्धा झोंबते,
केक तेवढा जातो.

कोणी नाही बघून एक लाल उचलली.
फटीतून गेली, कुठे न अडता.
चुन्यानं आतून थोडी कडक ठेवली होती तिला;
दाढेखाली सुपारीसारखी एकदा वाजली.
जिभेला तेव्हा काय आठवलं
ते मी ताराला सांगितलं नाही.
चाळणीवरच्या फोडी
उलटून ठेवल्या, एकेक.